वाचकांचे प्रश्न : मंडळी वळणावर असताना

मागच्या अंकात आम्ही ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समुदायाच्या, कारभाराविषयी प्रश्न मागवले होते. पत्रे वेगवेगळ्या गावांहून आली, तरी विषय जवळजवळ एकच निघाला. पाळक बदलले, शंभरी आली, मोठी जागृती (श्रद्धेची लाट) आली, जागेचा कागद जुळेना, तरुण पोरे उपासनेतून उठून गेली. अशा वेळी मंडळी ज्या वाटेला लागते, त्या वाटेने ती पुढची वीस-तीस वर्षे चालते. म्हणून उत्तरे देताना भावनेपेक्षा कामाच्या तपशिलावर भर दिला आहे. कारभार, कागदपत्रे, संगीत आणि जुनी बांधकामे यांत मुरलेल्या जाणकारांनी मिळून ही उत्तरे तयार केली आहेत.

आमचे पाळकसाहेब अकरा वर्षांनी बदलून जात आहेत. नवे पाळक महिन्याभराने येतील. मागच्या बदलीनंतर सहा महिने सगळे विस्कळीत झाले होते. या वेळी काय काळजी घ्यावी? (पंचमंडळाचे सदस्य, श्रीरामपूर)

निरोपसमारंभ थाटात करा, पण त्याच्या आधीचा आठवडा हस्तांतरासाठी मोकळा ठेवा. अकरा वर्षांत बऱ्याच गोष्टी एका माणसाच्या डोक्यात आणि एका कपाटात साठलेल्या असतात. त्या त्याच्याबरोबर निघून गेल्या की मंडळी विस्कळीत होते.

जाणारे पाळक, सचिव आणि खजिनदार यांनी एक अख्खी दुपार एकत्र बसावे. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या, सभासदांची यादी, इतिवृत्तांच्या वह्या आणि जडवस्तूंची वही समोर घ्यावी. प्रत्येक वहीची पहिली आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे आणि शेवटचा अनुक्रमांक काय, हे लिहावे. नुसते ‘नोंदवह्या मिळाल्या’ एवढेच लिहून सही केली, तर मधली एखादी वही नाही हे चार वर्षांनी कोणाच्या तरी पासपोर्टच्या वेळी कळते. ती कोणाच्या काळात गेली, हे तेव्हा सांगता येत नाही. प्रभुभोजनाचे पेले आणि थाळ्या मोजाव्यात, किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधाव्यात. यादीच्या तीन प्रती करून तिन्हींवर तिघांनी सह्या कराव्यात.

दुसरी यादी शक्य तर तोंडीच द्यावी. अंथरुणाला खिळलेले कोण, घरी प्रभुभोजन कोणाला न्यावे लागते, गेल्या वर्षभरात कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोण रुसून येईनासे झाले, हे नव्या पाळकांना पहिल्या आठवड्यातच समजले पाहिजे. एखाद्याने विश्वासाने मन मोकळे केलेले असेल तर ते मात्र त्या पाळकांपाशीच राहावे.

लग्नांकडे विशेष लक्ष द्या, कारण मधल्या महिन्यात तिथेच घोळ होतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ज्यांचा दीक्षाविधी बिशपांच्या हातून झालेला नाही, अशा पाळकांना लग्न लावण्यासाठी सरकारी परवाना लागतो. पाहुणे पाळक बोलावून लग्न उरकताना हे कोणी विचारत नाही, आणि प्रमाणपत्र हातात घेऊन जोडपे कार्यालयाच्या चकरा मारत बसते. ठरलेल्या प्रत्येक लग्नाची तारीख, सूचना दिली की नाही, आणि लग्न कोण लावणार, हे पाळक जाण्याआधीच कागदावर ठरवा.

बँकेतल्या सह्यांचेही तसेच. खाते तीनपैकी दोघांच्या सहीने चालत असेल आणि त्यातली एक सही पाळकांची असेल, तर बदलाचा ठराव ते असतानाच करून त्याची प्रत बँकेला द्या. पाळक विश्वस्तही असतील तर धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज लागतो. बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत तो दाखल करायचा असतो.

आता नव्या पाळकांविषयी. पहिले तीन महिने उपासनेचा क्रम, वेळ, बाकांची मांडणी यांतले काही बदलू नये. आधी घरे पाहावीत. शंभर घरांची मंडळी असेल आणि आठवड्याला आठ भेटी झाल्या, तर तेरा आठवड्यांत सगळी घरे होतात. सुरुवात न येणाऱ्यांपासून करावी, पंचांच्या घरांपासून नव्हे. आणि जुन्या पाळकांनी निदान एक वर्ष नव्यांच्या निमंत्रणाशिवाय या मंडळीत लग्न किंवा अंत्यविधी करू नये. प्रेमापोटी बोलावणारी माणसे असतातच. त्या प्रेमानेच नव्या पाळकांचे पाय घट्ट रोवले जात नाहीत.

पुढच्या चार वर्षांत आमच्या चर्चच्या इमारतीला शंभर वर्षे होतील. दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौले. ओल वर चढते, गिलावा सुटतो. शतसंवत्सरीच्या आत सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत फरशी करून घ्यावी असे बहुमत आहे. सल्ला द्यावा. (इमारत समिती, सातारा जिल्हा)

बहुमताला थोडे थांबवा. तुम्ही जे करू म्हणता, त्याने पुढच्या पाच-सात पावसाळ्यांत भिंत आजच्यापेक्षा वाईट होईल.

कारण असे. जुन्या दगडी भिंतीखाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते, दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून आणि गिलाव्यातून बाहेर येऊन वाऱ्याने सुकते. चुना हा श्वास घेणारा माल आहे. त्यावर सिमेंट मारले की ओलीचा बाहेरचा रस्ता बंद होतो, ती आणखी वर चढते, आणि जिथे सिमेंट संपते तिथे पांढरे क्षार फुटतात. सिमेंट कडक असते, मागची भिंत मऊ. त्यामुळे काही वर्षांनी गिलाव्याचे पोपडे दगडाचा थर घेऊनच सुटतात. गुळगुळीत फरशीचेही तेच होते. जमिनीतून वर येणारी वाफ अडते आणि भिंतीच्या पायथ्याकडे सरकते.

काम वरून खाली आणि बाहेरून आत न्यावे. आधी छप्पर: फुटकी कौले, कुजलेल्या रिपा, आणि मुख्य म्हणजे छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्यांची (त्रिकोणी चौकटींची) भिंतीत गेलेली टोके. लाकूड मधे ठणठणीत दिसते आणि भिंतीतल्या टोकाला वाळवीने भुगा झालेला असतो. मोठ्या स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. सहज आत शिरला तर ते टोक बदलावे लागेल. त्यानंतर पन्हाळी आणि जोत्याभोवतीचे पाणी. चर्चभोवती काँक्रीट ओतून अंगण उंच केलेले असेल तर ओलीचे अर्धे कारण तिथेच आहे. जमिनीची पातळी जोत्याखाली आणा, उतार भिंतीपासून दूर काढा. एवढे करून एक पावसाळा जाऊ द्या. पुष्कळदा निम्मी ओल आपोआप कमी होते, आणि गिलाव्याचे अंदाजपत्रकही.

भिंतीला तडे असतील तर भरण्याआधी ते जिवंत आहेत का पाहावे. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहावी. पावसाळा आणि उन्हाळा ओलांडून पट्टी अखंड राहिली तर तडा थांबलेला आहे, चुन्याने भरून टाका. पट्टी फुटली तर पाया पाहणारा स्थापत्य अभियंता बोलवा. वरून भरलेला माल पुन्हा फुटणारच.

गिलावा चुन्याचाच करा. कळीचा चुना भिजवून किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. घाईत कच्चा चुना वापरला तर न भिजलेले खडे नंतर फुलतात आणि गिलाव्यावर फोडासारखे खड्डे पडतात. एक भाग मुरलेल्या चुन्याला दोन ते तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू. एका थराची जाडी साधारण १० ते १२ मिलिमीटर. जाड थर एकदम मारला तर आतला माल सुकत नाही आणि वर भेगा पडतात. थर लावल्यावर आठवडा-दहा दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावे. एप्रिलच्या उन्हात चुना जळतो असे गवंडी म्हणतात ते खरे आहे. शेवटी रंगही चुन्याचाच हवा. प्लास्टिक पेंट म्हणजे पुन्हा तोच बंद दरवाजा.

चार वर्षे हातात आहेत, हे तुमचे भाग्य. पहिले वर्ष छप्पर, दुसरे पाणी, तिसरे भिंती, चौथे रंग आणि बाके. उद्घाटनाच्या कोनशिलेसाठी घाई केली की हा क्रम उलटा होतो. पैसा आधी फरशीवर जातो आणि छपराला उरत नाही.

आणखी एक. शंभरी नक्की कशाची, हे ठरवून घ्या. मंडळी स्थापन झाल्याची तारीख, पहिल्या बाप्तिस्म्याची आणि इमारतीच्या समर्पणाची, या तिन्ही वेगळ्या असतात. पुष्कळ गावांत मंडळी झाडाखाली किंवा शाळेच्या खोलीत पंचवीस-तीस वर्षे भरत होती, देऊळ, म्हणजे चर्चची इमारत, नंतर बांधले. तुमची मंडळी कदाचित शंभरी ओलांडून बसली असेल. सर्वांत जुनी नोंदवही उघडून पाहा.

आमच्या चर्चच्या जागेच्या मालमत्ता पत्रकावर अजून जुन्या मिशनचे नाव आहे. वडीलधारे म्हणतात, १९७० साली सगळे एक झाले तेव्हाच जागाही आली. मग आता अडचण का येते? (सचिव, पुणे जिल्हा)

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर भारताची मंडळी, स्थापन झाली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन परंपरेची युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परिषदेचे मेथडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. दक्षिणेत असे ऐक्य १९४७ मध्येच झाले होते. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र १९७० च्या ऐक्यात आली नाही. म्हणून मराठी मुलखात एकाच गावात आजही दोन पाट्या दिसतात. मराठी ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात या दिवसाइतके मोठे वळण फार थोडे आहेत. वेगवेगळ्या पद्धतीने बाप्तिस्मा देणारी माणसे एका मेजाभोवती बसली.

पण उपासनेतले ऐक्य आणि कागदावरची मालकी या दोन गोष्टी आहेत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या खटल्यात हेच सांगितले. विलीन होत असल्याचा ठराव केला एवढ्याने विश्वस्त संस्थेची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने ठरवलेली पद्धत पाळावी लागते. वडीलधाऱ्यांची आठवण खरी आहे, पण ती सिटी सर्व्हेच्या वहीत उमटलेली नाही. तुमची अडचण तेवढीच आहे.

तीन कागद काढा. मालमत्ता पत्रकाची किंवा सातबाऱ्याची ताजी प्रत. त्यावर आजवर झालेले सगळे फेरफार. आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून विश्वस्त संस्थेच्या नोंदीचा, म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा. तिन्ही शेजारी ठेवून संस्थेचे नाव, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्रफळ जुळवा. जिथे जुळत नाही तिथेच काम आहे. पुष्कळदा जमीन एका विश्वस्त संस्थेकडे आणि उपासना चालवणारी मंडळी दुसरीकडे नोंदलेली असते. तसे असेल तर भांडण न करता त्या संस्थेशी लेखी पत्रव्यवहार सुरू करा आणि प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवा. पुढची पायरी सार्वजनिक विश्वस्त कायद्याची कामे करणाऱ्या वकिलाच्या हातानेच टाकावी.

हे मिटेपर्यंत कोणाला काही लिहून देऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस, शेतजमिनीचा दहा वर्षांहून आणि इतर जागेचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा, हे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. मालमत्तेवर कर्ज काढायलाही परवानगी लागते. ‘आधी करार करू, परवानगी मागाहून घेऊ’ असे सांगणारा बिल्डर आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

तीन दिवसांच्या जागृती सभांनंतर आमच्याकडे चाळीसएक जण नव्याने येऊ लागले. दोन महिन्यांत त्यातले सात उरले. चूक कुठे झाली? (तरुण संघ, जालना)

सभेत चूक झाली नाही, सभेच्या नंतरच्या सोमवारी झाली.

या विषयात मराठी मंडळीसमोर केडगावचे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशन या आश्रमात १९०५ च्या जूनअखेर जी जागृती झाली, तिची वर्णने सांगताना लोक रडणे, प्रार्थना, रात्रभर चाललेली गाणी एवढेच सांगतात. पण त्याआधी कित्येक महिने तिथल्या मुली रोज प्रार्थनेला जमत होत्या. आणि ही सगळी घटना घडली ती दुष्काळातून आणलेल्या मुलींना शाळा, शेती, विणकाम, छापखाना अशी रोजची शिस्त लावलेल्या जागी. जागृतीनंतर मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. आगीला चूल आधीपासून होती.

तुम्ही पुढच्या वेळी असे करा. सभेआधीच प्रत्येक पाच-सहा नव्या माणसांमागे एक जबाबदार जोडपे ठरवा. चाळीस माणसे येतील असा अंदाज असेल तर आठ जोडपी लागतील. तेवढी नसतील तर सभा छोटी ठेवा. नाव, राहण्याची गल्ली आणि भेटायला सोयीची वेळ सभेतच लिहून घ्या. पहिली भेट दोन दिवसांत आणि दुसरी आठवड्याच्या आत व्हावी. रविवारच्या उपासनेला एकदम आणून बसवू नका, कारण तिथे कधी उभे राहायचे आणि कधी बसायचे हेही नव्या माणसाला माहीत नसते. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी सहा-आठ जणांनी जमावे, मार्कचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे, आठवड्याला एक अध्याय वाचावा. चार महिने जातात आणि तोवर माणसे एकमेकांची होतात.

बाप्तिस्म्याची घाई करू नये. फोटोत दिसणारी संख्या वाढवण्यासाठी तर कधीच नाही. आणि नव्या येणाऱ्याच्या घरच्यांना पाळकांनी स्वतः भेटावे, म्हणजे लपूनछपून काही चालले आहे असा संशय राहत नाही.

आमच्याकडे ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली जुनी गीते की कीबोर्डवरची नवी, यावरून दोन तट पडले आहेत. ज्येष्ठ म्हणतात, ही आपली परंपरा नाही. काय करावे? (गायनवृंदाच्या प्रमुख, अहिल्यानगर)

ज्येष्ठांना आदराने एक गोष्ट आठवून द्यावी. आज ज्याला ते परंपरा म्हणतात, तेही एकेकाळी धाडसी वळण होते. मराठी मंडळीत सुरुवातीला परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित पदे होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि १९१९ मध्ये देवाघरी जाईपर्यंत अभंग, ओवी, भजन यांच्या घाटात ख्रिस्तभक्तीची इतकी पदे रचली की मराठी माणूस आपल्या मायबोलीत देवाशी बोलू लागला. त्याही आधी अहमदनगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करीत होते. वीणा, झांज, चिपळ्या चर्चमध्ये आणणे तेव्हा सर्वांनाच रुचले असेल असे नाही.

तरुणांनाही तितक्याच आदराने सांगायला हवे की टिळकांच्या पदात जे तीन शब्दांत येते, ते नव्या गाण्यात चार कडव्यांतही येत नाही असे पुष्कळदा होते. नवे म्हणून टाकू नका, नवे म्हणून घेऊही नका. आधी शब्द वाचा.

बाकीचे काम सुराचे आहे, आणि भांडणाचे खरे कारण बऱ्याचदा तिथेच असते. मुले ध्वनिमुद्रण ऐकून मूळ गायकाच्या पट्टीतच वाजवतात. ती पट्टी एका तयार गळ्याची असते. मंडळीत आजी, नातू, जाड आवाजाचे काका सगळे असतात. मंडळीच्या गायनात सर्वांत वरचा स्वर वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या (इंग्रजी डी स्वराच्या) पलीकडे जाऊ देऊ नये. गेला की बायका खालच्या सप्तकात उतरतात, पुरुष गप्प होतात आणि लोक म्हणतात, ‘नवी गाणी आपल्याला जमत नाहीत.’ कीबोर्डवर ट्रान्सपोजचे बटण असते. दोन-तीन सूर खाली आणा, मंडळी गाऊ लागेल.

जुन्या पदांचे उलटे होते. ती इतकी संथ गातात की ओळीच्या मधेच श्वास संपतो. तबला किंवा ढोलकी बसवून ठेका धरला की तेच पद उभे राहते.

एका उपासनेत चार गीते असतील तर तीन ओळखीची आणि एक नवे. नवे पद सलग चार रविवार तेच ठेवा. पहिल्या रविवारी गायनवृंद एकटा म्हणेल, दुसऱ्या रविवारी मंडळी धृपदात सामील होईल, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. दर रविवारी नवे गाणे आणले तर मंडळी श्रोते होते. पडद्यावर शब्द दाखवत असाल तर एका वेळी चारच ओळी, देवनागरीत, शेवटच्या बाकावरून चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या. आणि पडदा वेदीवरच्या क्रुसासमोर लावू नका. एवढ्या एका गोष्टीने मने दुखावलेली मंडळ्यांनी पाहिली आहेत.

आमच्या धर्मग्रामात फार जुन्या बाप्तिस्मा नोंदवह्या आहेत. काही लॅटिनमध्ये, काही पोर्तुगीजमध्ये. पाने ठिसूळ झाली आहेत, लॅमिनेशन करावे का? (पॅरिश कौन्सिल सदस्य, वसई)

लॅमिनेशन मुळीच नको. उष्णतेने जुना कागद भाजतो, प्लास्टिक पुन्हा कधी सुटत नाही, आणि जुन्या शाईतले आम्ल आतच कोंडून कागद खात राहते. चिकटपट्टीही नको, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरावर पसरतो.

वही सपाट ठेवा, उभी नाही. सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात गुंडाळून लोखंडी कपाटात, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर. वसईच्या हवेत कसर आणि बुरशी हे मुख्य शत्रू. महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी, सावलीत उघडून मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. उन्हात टाकू नये.

छायाचित्रे घ्यायची तर दाबून स्कॅन करू नका, बांधणी तुटते. वही उशीवर अर्धवट उघडी ठेवून वरून, फ्लॅशशिवाय, खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. कोरे पानही घ्यायचे, नाहीतर मधले पान सुटले की मुळातच नव्हते, हे पुढे कळत नाही. फाइलच्या नावात वहीचा क्रमांक, वर्ष आणि पान. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

वाचताना थोडे शब्द पुरतात. लॅटिनमध्ये ‘बाप्तिझावी’ म्हणजे मी बाप्तिस्मा दिला, ‘फिलिउस’ मुलगा, ‘फिलिया’ मुलगी. नावेही लॅटिन रूपात असतात. घरचा जुआंव वहीत ‘योहान्नेस’ होतो, म्हणून नाव सापडत नाही असे समजू नका. समासातल्या बारीक नोंदी मात्र जरूर वाचा. कॅथलिक धर्मविधानाप्रमाणे दृढीकरण, विवाह यांची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतच, त्या नावासमोर करायची असते. एका समासात माणसाचे अख्खे आयुष्य सापडते.

४ डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि पुढे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मराठीत आली. १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ही दोन्ही वळणे तुमच्या वह्यांत भाषा, हस्ताक्षर आणि शिक्का बदलून उमटलेली असतील. ती पाने आधी जपा.

खजिनदारांवर संशय घेतला जातो आहे. पुरावा काहीच नाही. मंडळी फुटेल अशी भीती वाटते. (एक भगिनी, छत्रपती संभाजीनगर)

व्यक्तीवर चर्चा थांबवून पद्धत बदला, आजच्या रविवारपासून. दानार्पण उपासना संपताच, चर्चमध्येच, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावे. नोटांचे प्रकार लिहून चिठ्ठीवर दोघांच्या सह्या व्हाव्यात, आणि रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी पूर्णच्या पूर्ण बँकेत भरावी. त्यातून परस्पर खर्च करायचा नाही, मग तो पाहुण्यांच्या रिक्षाचा का असेना. मागच्या वर्षांचे हिशोब बाहेरच्या सनदी लेखापालाकडून तपासून सर्वसाधारण सभेत वाचावेत. खजिनदार निर्दोष असतील तर त्यांना न्याय मिळण्याचा हाच एक मार्ग आहे, आणि तो त्यांना मिळायलाच हवा. अहवाल येईपर्यंत कुजबुज करणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा, ‘हे लेखी देता का?’

गावात आता पंधराच माणसे उपासनेला येतात. सगळे पुण्या-मुंबईला गेले. देऊळ बंद करावे का? (निवृत्त शिक्षक, नेवासे तालुका)

पंधरा माणसे ही मंडळीच आहे. बंद करू नका, आकार बदला.

शंभर माणसांसाठी बसवलेला क्रम पंधरा जणांवर ओढला की ती थकतात. मोठ्या चर्चमध्ये विखुरलेल्या बाकांवर बसण्यापेक्षा वेदीजवळ खुर्च्यांचा गोल करा. ध्वनिक्षेपक बंद ठेवा. शेजारच्या दोन-तीन गावांसाठी मिळून एक पाळक असेल तर महिन्यात एक रविवार प्रभुभोजनासह तुमच्या गावी ठरवून घ्या, उरलेल्या रविवारी आपल्यातल्याच कोणीतरी वचन वाचून प्रार्थना चालवावी. दोन जणांना तरी त्यासाठी तयार करा, एकावर विसंबू नका.

शहरात गेलेल्यांची यादी करा. नाव, आताचे गाव, तिथली मंडळी. ख्रिस्तजन्माला ही माणसे गावी येतात तेव्हा निव्वळ जेवणावळ न ठेवता एक दुपार सभा घ्या, आणि वर्षाची कामे नावानिशी वाटून द्या. कौले कोण शाकारणार, वीजबिल कोण भरणार, कब्रस्तानाची भिंत कोण बांधून देणार. सभेचे इतिवृत्त लिहून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवा. आणि कब्रस्तानाची मोजणी अजून झाली नसेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज याच वर्षी करा. हद्दीचे दगड दाखवू शकणारी माणसे तुमच्या त्या पंधरांतच आहेत.